जुन्या बागेला नवीन गेट: आधी बिजागरी, मग वेलबुट्टी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात नगरपरिषदेची शंभरेक वर्षं जुनी बाग आहे, दोन घडीव दगडी खांब उभे आहेत, मधलं मूळ गेट कधीच भंगारात गेलंय आणि त्या जागी पाइपचं एक वाकडं गेट आहे. आता नगरपरिषदेला "हेरिटेज लूक" पाहिजे. फॅब्रिकेशनवाल्याने लेझर कटिंगचा मोर आणि कमळ टाकून थ्रीडी पाठवलंय, आणि ज्या ताईंकडे हे काम आलंय (दोन वर्षं झालीत आर्किटेक्ट होऊन) त्यांना ते बघून कसंतरी होतंय, पण मीटिंगमध्ये नेमकं काय चुकीचं आहे ते सांगता येत नाहीये.

ताई, मोर वाईट आहे म्हणून भांडू नका, त्यात तुम्ही हरणार, कारण मोर सगळ्यांना आवडतो. तुम्ही त्यांना एवढंच विचारा की या गेटची एक झडप किती किलोची आहे आणि ती कशावर फिरणार आहे. थ्रीडीत ते नसणारच. मी तीसेक वर्षं लोखंडात काम करतोय, त्यातली निम्मी जुन्या वाड्यांची, देवळांची, बागांची कठडे-गेटं, आणि माझं पहिलं वाक्य कायम तेच असतं की गेट बिजागरीपासून काढायला घ्यायचं, फुलं सगळ्यात शेवटी. मी स्वतः उलटं केलंय आणि तोंडावर पडलोय, ते पुढे सांगतो.

पण कागद-पेन्सिल नंतर, आधी सकाळी लवकर जाऊन खांब बघा. तिरपं ऊन असताना दगडावरच्या खुणा दिसतात त्या दुपारी दिसत नाहीत. आतल्या बाजूला, जमिनीपासून वीतभर वर आणि मग पार वरती, कापलेल्या लोखंडाचे थोटूक दिसतील, त्याच्या भोवती करडा मऊ धातू असेल, नखाने ओरखडा उठतो तो, ते शिसं. पूर्वी दगडात भोक पाडून लोखंड बसवायचे आणि वितळलेलं शिसं ओतून ठोकून घट्ट करायचे. ते थोटूक कुणाला ग्राइंडरने सपाट करू देऊ नका! त्याची उंची मोजा, म्हणजे मूळ गेट कुठे धरलं होतं ते कळतं. मग खाली फरशी झाडून घ्या, चांगली, खराट्याने आणि पाण्याने. खांबाजवळ एक गोल खळगा सापडू शकतो, आणि तिथून केंद्र धरून फरशीवर एक कमानीसारखा ओरखडा, कारण गेट म्हातारं झाल्यावर झुकतं आणि टोक घासायला लागतं. तो ओरखडा म्हणजे जुन्या माणसाने तुमच्यासाठी काढून ठेवलेलं ड्रॉइंग आहे असं समजा, झडप किती रुंद होती, आत उघडायची का बाहेर, सगळं त्यात आहे. एका गावात तर आम्हाला त्यावरून कळलं की दोन झडपा सारख्या नव्हत्याच, एक मोठी होती बग्गीसाठी आणि एक छोटी.

खांबाला तडे असतील तर कारण बहुतेक लोखंडच असतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, तो आतून दगड ढकलत राहतो आणि एक दिवस कोपरा उडतो. म्हणून नवीन काम करताना दगडात जाणारा प्रत्येक तुकडा स्टेनलेस किंवा गनमेटलचा (तांबं-कथिलाचा मिश्रधातू) ठेवायचा. साधं लोखंड दगडात परत घालायचं नाही, त्यावर कितीही रंग मारला तरी.

आता वजन. हे करून दाखवतो कारण इथेच सगळे हवेत असतात. चौकोनी सळईचं वजन काढायचं सोपं गणित आहे, बाजू मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, ०.००७८५ ने गुणा, आलं मीटरला किलो. म्हणजे २० मिमीची सळई ३.१४ किलो मीटरला. समजा खांबांमधलं अंतर ३.६ मीटर आहे, म्हणजे एक झडप १.८ मीटर रुंद, उंची धरू २.७ मीटर. बिजागरीकडचा दांडा ४० मिमी चौरस भरीव, तो झाला ३४ किलो. समोरचा ३२ चा, २२ किलो. आडव्या पट्ट्या चार, ५० बाय १६ च्या, ४५ किलो. उभ्या सळया २० च्या बारा, प्रत्येकी अडीच मीटर, ९४ किलो. खालच्या भागातल्या मधल्या छोट्या सळया १६ च्या तेरा, प्रत्येकी ०.७ मीटर, १८ किलो. मग वेलबुट्टीची पट्टी २५ बाय ८ ची वीसेक मीटर धरा, ३१ किलो, पानं-फुलं दहा किलो. बेरीज करा, २५५ किलोच्या आसपास जाते. एक झडप!

ही झडप खांबाला बाजूने लटकली की वरची बिजागरी खांबाला स्वतःकडे ओढते. किती ओढते तर वजन गुणिले रुंदीचा अर्धा, भागिले दोन बिजागऱ्यांमधलं अंतर. ते २.२ मीटर धरलं तर १०४ किलो. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं, चुन्यात बांधलेल्या जुन्या खांबाला. वर संध्याकाळी एक चाळीस किलोचं पोरगं टोकाला लोंबकळून झोका घेणार (घेणारच, आपणही घेतलाय), त्याचे अजून ३३ किलो. म्हणून मीटिंगमध्ये कुणी म्हणालं "अजून भव्य करा, चार मीटर उंच करा" की हा आकडा पुढे करायचा, आणि खांबाचा पाया उघडून बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

यावर जुनी पद्धतच चांगली आहे. झडपेचं सगळं वजन खाली जमिनीत जाऊ द्यायचं. बिजागरीकडच्या दांड्याचं खालचं टोक गोल घडवायचं आणि ते एका वाटीत बसवायचं, वाटी गनमेटलची, तिच्या बुडाला पाणी जायला भोक, आणि वाटी घट्ट पायाच्या दगडात. वरती फक्त एक कॉलर, दांड्याला मिठी मारणारा पट्टा, तो खांबात गेलेला, आणि त्याला थोडं मागेपुढे सरकवायची सोय ठेवायची, म्हणजे दहा वर्षांनी झडप झुकली तर पाना लावून परत ओळंब्यात आणता येते. त्या वाटीत वर्षातून एकदा ग्रीस, पावसाळ्याच्या आधी. हे लेखी द्या आणि माळीबुवांच्या हातात द्या, फाइलमधला कागद कुणी वाचत नाही.

माझी फजिती इथलीच आहे. सुरुवातीच्या काळात एका बागेचं गेट केलं, सगळं मस्त, खालच्या मधल्या सळयांच्या टोकांना मी हौसेने छोटी डाळिंबं घडवून लावली होती, आणि जमिनीपासून अंतर ठेवलं ४० मिमी कारण फोटोत तेवढं छान दिसत होतं. चार-पाच वर्षांत समोरच्या रस्त्यावर दोनदा डांबर पडलं, खरवडून नाही, वरच्या वर, आणि गेट अडकलं. कुणीतरी गॅस कटर आणून खालची वीतभर पट्टी सरळ उडवली, माझ्या डाळिंबांसकट. मला राग आला होता पण चूक माझीच, रस्ता वर येतो हे मला माहीत असायला पाहिजे होतं. तेव्हापासून गेट बागेच्या आत उघडणारं, उंबऱ्याचा दगड वेगळा आणि रस्त्यापेक्षा उंच, आणि खालचं अंतर १०० मिमीच्या जवळपास. आतली जमीन चढती असेल तर नुसत्या डोळ्याने ठरवू नका, पाण्याची नळी लावून लेव्हल घ्या, झडप पूर्ण उघडल्यावर टोकाखाली काय येतंय ते बघा.

एवढं झालं की मग सौंदर्य. आणि इथे माझं मत जरा कडक आहे. बागेच्या गेटात मुख्य गोष्ट म्हणजे आरपार दिसणं. किल्ल्याचा दरवाजा लोकांना अडवायला असतो, बागेचं गेट बंद असतानाही आतली झाडं दाखवायला असतं. सेंट पीटर्सबर्गच्या समर गार्डनचा नेवा नदीकडचा कठडा बघा फोटोत, १७७०-८०च्या दशकातला, ३६ ग्रॅनाइटचे खांब आणि मध्ये जवळजवळ नुसत्या सरळ उभ्या सळया, थोडासाच सोनेरी मुलामा. लोक अडीचशे वर्षं त्याचं कौतुक करतायत आणि त्यात मोर नाही, कमळ नाही, सगळं प्रमाणात आहे. लंडनच्या क्यू गार्डनचं तेव्हाचं मुख्य गेट (आता त्याला एलिझाबेथ गेट म्हणतात) आर्किटेक्ट डेसिमस बर्टनने १८४०च्या दशकात केलं, तिथे फळाफुलांच्या माळा दगडी खांबांवर कोरल्यात. तुमच्या खांबांवर आधीच कोरीवकाम असेल तर लोखंडाने जरा गप्प बसलेलं बरं.

आणि फूल घ्यायचंच असेल तर कुठलं घ्यायचं, याला माझ्याकडे एकच उदाहरण आहे जे मी सगळ्यांना सांगतो. बार्सिलोनात आर्किटेक्ट गौदीने १८८३ ते ८५ मध्ये कासा व्हिसेन्स हे घर बांधलं, त्या जागेवर आधी एक बुटकं पाम वाढलेलं होतं, त्याच्या पंख्यासारख्या पानाचा साचा केला आणि तेच एक पान चौकटीत परत परत बसवून अख्खं कुंपण उभं केलं. त्याचा काही भाग नंतर तिथल्याच पार्क ग्युएल या बागेत गेला, तिथे आजही दिसतो. एक पान, एक साचा, बस. तुमच्या बागेत काय आहे? जुनी यादी नसेल तर माळीबुवांबरोबर फिरा. बकुळ असेल, नागचाफा असेल, गोरखचिंच असेल, कैलासपतीचं ते विचित्र फूल असेल. लोखंडात काय चांगलं उतरतं तेही बघा. बकुळीचं फूल छोटं, चांदणीसारखं, सळया एकमेकींना जिथे छेदतात तिथे रिव्हेटच्या डोक्यावर बसवायला बनवल्यासारखं. सोनचाफ्याची पाकळी लांब, घणाखाली छान ओढली जाते. गुलाब मात्र टाळा, लोखंडातला गुलाब हमखास फ्लॉवरसारखा दिसतो, भाजीवाल्या.

लेझरबद्दल. मशीनवर माझा राग नाही, पानांचे सपाट तुकडे कापून घ्यायला मीही वापरतो. पण चार-पाच मिमीचा पत्रा कापून तो तसाच चौकटीत वेल्ड केला की ते लग्नपत्रिकेवरच्या जाळीसारखं दिसतं, समोरून बरं, बाजूने बघितलं तर गायब. लोकं गेटाकडे बाजूनेच चालत येतात. घडवलेल्या कामात जाडी बदलते. पट्टी वेलीसारखी वळवायच्या आधी लोहार तिचं टोक तापवून ओढून बारीक करतो, मग टोकाला छोटी गुंडी करतो, मग वळवतो, आणि आतून बाहेर येताना वेटोळ्यांमधलं अंतर वाढत जातं. हे न करता सरळ पट्टी साच्यात फिरवली की डासाची कॉइल होते. बाजारात ऐंशी टक्के गेटांवर डासाच्या कॉइलीच लावलेल्या असतात, एकदा कळलं की मग डोळ्याला दुसरं काही दिसतच नाही, सॉरी.

पानांचं पण तेच. दोन मिमीचा पत्रा, लाल तापवून लाकडाच्या ओंडक्यातल्या खळग्यात ठोकायचा, मग बोथट छिन्नीने शिरा. आमच्याकडे एक घिसाडी समाजातले काका यायचे, कोयते-विळे करणारे, त्यांनी आयुष्यात नक्षीकाम केलं नव्हतं, मी त्यांच्यापुढे वडाचं खरं पान ठेवलं, त्यांनी ते उलटं करून मागच्या शिरा बघितल्या, अंगठा फिरवला त्यावरून आणि म्हणाले, शीर मागून उठलेली असते, तुम्ही पुढून का मारताय? मी दहा वर्षं पुढून मारत होतो. तर तुमच्या तालुक्यातला लोहार शोधा, नक्षीचा अनुभव नसला तरी ऐरण आणि भट्टी ज्याच्या हातात आहे असा. पानाची वाटी वर तोंड करून बसवू नका मात्र, पाणी साठतं, किंवा तळाला भोक पाडा.

"रॉट आयर्न" (घडीव लोखंड) हा शब्द कोटेशनमध्ये येईल, त्याला भुलू नका. खरं रॉट आयर्न आता कुणी बनवत नाही, इंग्लंडात बोल्टनला ते पडलिंग करून, म्हणजे भट्टीत वितळलेलं लोखंड ढवळून, बनवणारा शेवटचा कारखाना १९७३ मध्ये थांबला. आपल्याला मिळतं ते एमएस, माइल्ड स्टील, आणि त्यात काही कमीपणा नाही, फक्त नाव खरं लिहावं. तुमच्या बागेतला एखादा जुना तुकडा सापडला तर ओळखायची खूण अशी की जुनं रॉट आयर्न मोडलं की पिचलेल्या उसासारखे तंतू दिसतात. बीड (साच्यात ओतलेलं लोखंड) असेल तर ते तुटताना बिस्किटासारखं तुटतं आणि सगळे नमुने हुबेहूब सारखे, बाजूला साच्याच्या जोडाची बारीक रेघ.

बिडाची भाल्याची टोकं किंवा गुंड्या करायच्या असतील तर कोल्हापूरच्या फाउंड्रीत होऊन जातात, पण एक लक्षात ठेवा, जुन्याच तुकड्यावरून थेट साचा काढला तर नवीन तुकडा लहान येतो, कारण बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. ६०० मिमीचं पॅनेल सहा मिमीने लहान. पॅटर्नवाल्याला, म्हणजे साच्यासाठी नमुना करणाऱ्याला, आधीच सांगायचं. आणि बिडाला वेल्डिंग करू देऊ नका, आज चिकटतं, उद्या शेजारी तडकतं.

आपल्याकडे या कामाची परंपरा नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना मुंबईला सीएसएमटीला पाठवा. १८८८ ला पूर्ण झालेल्या त्या इमारतीतले लोखंडी-पितळी कठडे, जाळ्या जेजे स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केल्यात. जेजेत १८६०च्या दशकात लॉकवुड किपलिंग आणि ग्रिफिथ्स यांच्याबरोबर हिगिन्स म्हणून एक मास्तर होते ते खास लोखंडी नक्षीकामासाठी होते. तिकीट काढायला जाल तेव्हा पाच मिनिटं थांबून जोड बघा, वेल्डिंग नाही, कॉलर आणि रिव्हेट.

जोडाचा विषय गंजाशी जोडलेला आहे म्हणून सांगतो. दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून फक्त कडेने वेल्डिंगचे टाके मारले की मधल्या फटीत पाणी जातं आणि तिथून तपकिरी ओघळ सुरू होतात. हॉट डिप गॅल्व्हनाइज करणार असाल, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवणार असाल (पाच मिमीच्या वरच्या लोखंडाला ६१० ग्रॅम जस्त चौरस मीटरला, म्हणजे ८५ मायक्रॉनच्या आसपास) तर सुटे भाग बुडवून आणा आणि मग रिव्हेट-कॉलरने जोडा, अख्खी झडप बुडवली तर फटीत ॲसिड अडकतं आणि नंतर महिनोन्महिने रडत राहतं. पातळ पानं ४५० अंशांच्या जस्तात वाकतात, त्यांना जस्ताचा स्प्रे मारून घ्या. त्यावर एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून बसणारा पहिला हात, मग इपॉक्सी रंग, मग पीयू (पॉलियुरेथेन) रंग. गॅल्व्हनाइजवर थेट ऑइलपेंट मारला तर पापडासारखा निघतो, हे अजूनही लोक करतात.

रंग काळाच कशाला? आणि टोकांना ती सोनेरी पावडर, जी दोन पावसाळ्यांत शेणासारखी दिसते. जुन्या थोटकावर रंगाचे थर शिल्लक असतील तर ब्लेडने तिरपा छेद घेऊन भिंगाखाली बघा, खाली गडद हिरवा सापडू शकतो, सगळ्यात तळाला बहुतेक केशरी, तो शिशाचा शेंदूर, पूर्वी प्रायमर म्हणून तोच मारायचे. तो कोरडा घासू नका, धूळ विषारी असते, ओला करून, मास्क लावून. सोनं लावायचंच तर एकाच ठिकाणी, पण खऱ्या वर्खाचं. पॅरिसच्या पार्क मोन्सोची १८६१ची आर्किटेक्ट दाविऊची गेटं झळकतात ती वर्खामुळे.

आता रोजच्या वापराचं, हे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नसतं. वॉचमन रात्री साखळी घेऊन येणार आणि तुमच्या सगळ्यात नाजूक वेटोळ्यातून ती फिरवून कुलूप लावणार, रोज, वीस वर्षं. म्हणून कुलपाची जागा तुम्हीच द्या, जाड कोयंडा, साखळीची गरजच नको. सकाळी पाचला फिरायला येणाऱ्यांसाठी दोन्ही झडपा कोण उघडणार? वाड्याच्या दरवाजाला असते तशी एका बाजूला दिंडी ठेवा, पण वाड्यासारखी वाकून जायची नको, ९०० मिमी मोकळी, खाली पायात येणारी चौकटीची पट्टी नाही, व्हीलचेअर जाईल अशी. दसऱ्याला तोरण बांधणार, गणपतीत लायटिंगच्या माळा सोडणार, नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागणार, तो थांबवणं तुमच्या हातात नाही, पण खांबाला स्टेनलेसचे चार हुक दिलेत तर वेलबुट्टीला तारा आवळणार नाहीत.

वरच्या हिशेबात उभ्या सळयांमध्ये ११४ मिमी अंतर येतं, मधली १६ ची सळई घातली की ४९. त्या खालच्या छोट्या सळया मुळात कुत्री आत येऊ नयेत म्हणून असायच्या, आपल्याकडे तर त्या पाहिजेतच, शिवाय लहान पोराचं डोकं अडकत नाही. भाल्याची टोकं बोथट करा. बाग आहे, चढणारी मुलं असणार.

शेवटचं, टेंडर. सगळा घोळ इथे होतो, कारण लोखंडी काम किलोवर जातं. किलोवर पैसे मिळणार असतील तर कोण पट्टीचं टोक ओढून बारीक करेल? ओढलं की वजन तेवढंच राहतं आणि मेहनत चौपट, म्हणून कॉइल येते. तुम्ही नक्षीचे भाग नगावर काढा, प्रत्येक नगाचं पूर्ण मापाचं ड्रॉइंग, आणि अट घाला की आधी एक वेटोळं, एक पान, एक कॉलरचा जोड नमुना म्हणून करून दाखवायचा, तो मंजूर झाला की तो बागेच्या ऑफिसात टांगून ठेवायचा आणि बाकीचं काम त्याच्याशी पडताळायचं. अकाउंटवाले कुरकुर करतील, चौकट किलोवर आणि नक्षी नगावर अशी दोन भागांत दिली की बहुतेक मान्य होतं. बाग संरक्षित यादीत आहे का तेही ऑफिसात विचारून घ्या, असेल तर परवानगी आधी.

त्या थोटकांचे फोटो टाका, बाजूला टेप धरून. आणि खालचा खळगा सापडला का तेही सांगा, फरशीवर नंतर काँक्रीट टाकलं असेल तर दोन-तीन इंच फोडून बघायला लागेल, ते मात्र छिन्नी-हातोड्यानेच, ब्रेकर लावू नका.